वेगळं कॉलेज शोधताना: काय काढून टाकलंय आणि त्या जागी काय ठेवलंय

'परीक्षा नाहीत, ग्रेड नाहीत, विषय तुमचे तुम्ही ठरवा.' एखाद्या कॉलेजच्या माहितीपत्रकात असं वाचलं की शेवटच्या बाकावर बसून स्वतःचंच काहीतरी वाचत राहणाऱ्या मुलाला वाटतं, हे खास माझ्यासाठीच काढलंय. कधीकधी ते खरंही असतं. अशी कॉलेजं सुचवायचं आणि त्यांचे अर्ज वाचून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. फसलेल्या निवडी पाहिल्या, त्या बहुतेक एकाच ठिकाणी फसल्या होत्या. कॉलेजने काय काढून टाकलंय हे मुलांनी पाहिलं, पण त्या जागी काय ठेवलंय हे पाहायचं राहून गेलं. परीक्षा काढली की तिच्या जागी दुसरं काहीतरी येतंच, आणि ते बऱ्याचदा परीक्षेहून जड असतं.

तेव्हा हाच प्रश्न हातात धरून टप्प्याटप्प्याने जाऊ.

पायरी १: तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते लिहून काढा

'मला हे असलं शिक्षण आवडत नाही' हे वाक्य शोधाला उपयोगी पडत नाही, कारण त्यात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. विषय दुसऱ्याने ठरवले याचा राग आहे? एका दिवसात सहा विषयांत उड्या मारायचा कंटाळा आहे? मार्कांचा? दिवसभर खोलीत बसून राहण्याचा? की शंभर जणांच्या वर्गात आपण बोललो काय आणि न बोललो काय, याचा? आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि वैताग आला की त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं ते लिहा. आठवणीतून लिहू नका. आठवणीत सगळे वैताग एकमेकांत मिसळून जातात.

तक्रार बदलली की कॉलेजही बदलतं. 'अभ्यासक्रम लादलेला आहे' अशी तक्रार असलेला मुलगा सेंट जॉन्ससारख्या कॉलेजात पंधरा दिवसांत गुदमरेल, कारण तिथे चार वर्षांची पुस्तकं आधीच ठरलेली आहेत. 'वर्गात कुणी खरं बोलतच नाही' अशी तक्रार असलेल्याला तेच कॉलेज घर वाटेल. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या कॉलेजांपैकी एकात निवडीचं स्वातंत्र्य जवळपास नाहीच. हे लक्षात आलं की 'स्वतंत्र' या शब्दाकडे जरा सावधपणे पाहायची सवय लागते.

याच पायरीवर एक चाचणी घ्या. तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न निवडा आणि तीन आठवड्यांत त्यावर दहा पानं लिहा, किंवा काहीतरी बनवा. मग ते त्या विषयातल्या जाणत्या माणसाला दाखवा. मध्ये कुणी आठवण करून देणार नाही. पूर्ण झालं तर उत्तम. अर्धवट राहिलं तर ते कुठे अडकलं ते पाहा: सुरुवातच झाली नाही, की प्रश्न पसरत गेला, की लिहून झालं होतं पण दाखवायचा धीर झाला नाही? अडकलात म्हणून तुम्ही नालायक ठरत नाही. कुठल्या जागी तुम्हाला आधार लागतो, तेवढं यातून कळतं. पुढे कॉलेजला विचारायचे प्रश्न इथूनच निघतात.

पायरी २: या कॉलेजांचे प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'वेगळं कॉलेज' नावाची एकच जात नाही.

काही कॉलेजांनी निवडच काढून टाकली आहे. सेंट जॉन्स कॉलेज हा त्याचा ठळक नमुना. अमेरिकेत ॲनापोलिसला ते आहे, आणि १९६४ पासून सांता फेलाही. १९३७ पासून तिथे सगळ्यांना एकच अभ्यासक्रम आहे. मेजर (म्हणजे निवडलेला मुख्य विषय) नाही, विभाग नाहीत, पाठ्यपुस्तकं नाहीत. भूमिती युक्लिडच्या मूळ ग्रंथातून शिकायची आणि फळ्यापाशी जाऊन सिद्धता स्वतः मांडून दाखवायची. प्राध्यापकाला ट्यूटर म्हणतात, आणि त्याने आपला विषय सोडून बाकीचेही शिकवावेत अशी अपेक्षा असते. सेमिनारची सुरुवात ट्यूटरच्या एका प्रश्नाने होते. पुढचे दोनेक तास टेबलाभोवतीची मंडळी बोलतात.

आता तिथल्या मूल्यमापनाचा एक प्रसंग पाहा. त्याला 'डॉन रॅग' म्हणतात. सत्र संपताना विद्यार्थ्याचे सगळे ट्यूटर एकत्र बसतात. विद्यार्थीही तिथेच असतो, पण ट्यूटर त्याच्याशी बोलत नाहीत, एकमेकांशी त्याच्याबद्दल बोलतात. 'त्याची ग्रीकची तयारी चांगली असते, पण चर्चेत दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असतं,' अशा धर्तीचं काहीतरी. सगळ्यांचं सांगून झालं की मग त्याला बोलायची संधी मिळते. परीक्षेची धास्ती वाटते म्हणून ज्याला असं कॉलेज हवंय, त्याने या खुर्चीत स्वतःला बसवून पाहावं.

काहींनी ग्रेड काढून टाकले आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पियाचं एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथे ग्रेडऐवजी वर्णनात्मक मूल्यमापन आहे. शिक्षक तुमच्याबद्दल लिहितो, आणि तुम्ही स्वतःबद्दल लिहिता. तुम्हाला शिक्षकाबद्दलही लिहावं लागतं. ऐकायला छान वाटतं, पण 'या सत्रात मी काय शिकलो' यावर स्वतःला न फसवता पानभर लिहिणं किती अवघड आहे, ते लिहायला बसल्यावरच कळतं. ज्यांना हे जमतं त्यांना पुढे आयुष्यभर त्याचा फायदा होतो. ज्यांना जमत नाही त्यांची पानं एकसारखी गुळगुळीत होत जातात.

याच गटात करार पद्धत येते. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी आणि मार्गदर्शक बसून ठरवतात की या सत्रात काय करायचं आणि किती पूर्ण झालं म्हणजे करार पाळला असं धरायचं. कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ रेडलँड्समध्ये जॉन्स्टन नावाचा विभाग १९६९ पासून याच पायावर उभा आहे. करार या शब्दाने घाबरू नका, पण तो गंमत म्हणूनही घेऊ नका. चार कलमांतली दोनच पूर्ण झाली तर सबंध सत्राचं श्रेय (क्रेडिट) अडकू शकतं.

ओरेगनमधल्या रीड कॉलेजने मधला मार्ग काढला आहे. ग्रेड नोंदवले जातात, पण काम समाधानकारक असेल तर मुलांच्या हातात ते नेमाने दिले जात नाहीत. हवे असतील तर जाऊन विचारायचे. हातात येतात ते पेपरवरचे सविस्तर शेरे. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. त्यातून कुणाची सुटका नाही.

काहींनी वेळापत्रक मोडलं आहे. कोलोरॅडो कॉलेज १९७० पासून 'ब्लॉक प्लॅन'वर चालतं: एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. तो संपला की चार-पाच दिवस सुट्टी आणि मग पुढचा. आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजात १९७८ पासून अशीच पद्धत आहे (न्यूयॉर्क राज्यातल्या प्रसिद्ध कॉर्नेल विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, नावावरून गोंधळू नका). भूगर्भशास्त्राचा वर्ग आठवडाभर डोंगरात नेता येतो, कारण दुसऱ्या कुठल्याच तासाची आडकाठी नसते. पण एक दिवस तापाने पडलात तर नेहमीच्या सेमिस्टरच्या हिशेबात जवळजवळ आठवडा बुडाला म्हणून समजा. शिवाय नवी भाषा किंवा अवघड गणित यांना डोक्यात मुरायला वेळ लागतो, साडेतीन आठवड्यांत ते मुरतंच असं नाही. माझं मत विचाराल तर प्रयोग, फील्डवर्क आणि वाचन करणाऱ्यांना ही पद्धत फार मानवते. सावकाश शिकणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

विभाग काढून टाकलेली कॉलेजंही आहेत. मेन राज्यातल्या एका बेटावरच्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये सगळ्यांना एकच पदवी मिळते, ह्युमन इकॉलॉजी. त्यात कुणी देवमाशांचा अभ्यास करतो, कुणी शेतीच्या धोरणाचा. लंडन इंटरडिसिप्लिनरी स्कूलने २०२१ मध्ये पहिली तुकडी घेतली. तिथे विषयांऐवजी प्रश्नांभोवती अभ्यास बांधला आहे. डेन्मार्कच्या रोस्किल्ड विद्यापीठात १९७२ पासून वेळेचा मोठा भाग गटाने करायच्या प्रकल्पांत जातो. 'मला एकट्याने काम करायला आवडतं' म्हणणाऱ्या स्वतंत्र बाण्याच्या मुलांना ही जागा वाटते तितकी सोपी नाही, कारण इथे विषय निवडायचा तोही पाच जणांनी मिळून.

काहींनी वर्गाच्या भिंती काढल्या आहेत. ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजने १९२१ मध्येच अभ्यास आणि नोकरी आलटून पालटून करायची पद्धत सुरू केली. व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन कॉलेजमध्ये दर हिवाळ्यात काही आठवडे बाहेर जाऊन काम करावं लागतं. मिनर्व्हा विद्यापीठाची पहिली तुकडी २०१४ ची. तिथले विद्यार्थी देशोदेशीच्या शहरांत एकत्र राहतात, वर्ग मात्र सगळे स्क्रीनवर होतात.

आणि काहींनी कारभारच विद्यार्थ्यांच्या हाती दिला आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यातलं डीप स्प्रिंग्ज १९१७ चं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पंचवीस-तीस विद्यार्थी, फी नाही, राहण्याजेवण्याचा खर्च नाही. २०१८ पर्यंत ते फक्त मुलांसाठी होतं. त्या वर्षापासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. आठवड्याला वीसेक तास अंगमेहनत करायची: गुरं सांभाळायची, गवत कापायचं, स्वयंपाक करायचा. नवे विद्यार्थी आणि नवे शिक्षक निवडण्यात विद्यार्थ्यांचा मोठा वाटा असतो. इथे 'काय ठेवलंय' याचं उत्तर अगदी ठोस आहे. पहाटे गाईचं दूध काढायची पाळी तुमची असेल आणि तुम्ही झोपून राहिलात, तर शिक्षक रागावणार नाहीत. गाय हंबरत राहील, आणि संध्याकाळच्या सभेत मित्रच जाब विचारतील.

शेवटचा प्रकार पदवीच काढून टाकलेल्यांचा. डेन्मार्कमध्ये १८४४ मध्ये पहिलं लोक-विद्यालय सुरू झालं. या 'होइस्कोल'मध्ये आजही परीक्षा नाही, गुण नाहीत. काही महिने एकत्र राहायचं आणि शिकायचं. पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमाचं शिक्षणकेंद्रही पदवी देत नाही. पॅरिसमध्ये २०१३ मध्ये निघालेल्या '४२' या प्रोग्रामिंग शाळेत शिक्षकच नाहीत, मुलं एकमेकांचं काम तपासतात. तिथे आत शिरण्याआधी चार आठवड्यांचा 'पिसीन' नावाचा टप्पा असतो. पिसीन म्हणजे पोहण्याचा तलाव. पोहता येतं का हे पाण्यात टाकूनच पाहायचं, असा त्याचा सरळ अर्थ.

पायरी ३: यादी बनवा, पण रँकिंगवरून नको

रँकिंगमध्ये अशी कॉलेजं नीट बसतच नाहीत. रीडने १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या रँकिंगला माहिती पुरवणं बंद केलं, ते याच वादातून. 'बेस्ट अल्टरनेटिव्ह कॉलेजेस' असंही शोधू नका, जाहिरातीच जास्त सापडतील. पद्धतीच्या नावाने शोधा: 'नॅरेटिव्ह इव्हॅल्युएशन', 'ब्लॉक प्लॅन', 'सेल्फ-डिझाइन्ड मेजर', 'लर्निंग काँट्रॅक्ट', 'प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग', 'को-ऑप' (अभ्यास आणि नोकरी आलटून पालटून). पहिल्या पायरीत लिहिलेल्या तक्रारीला यांतला कुठला शब्द लागू पडतो ते पाहा आणि तिथून सुरुवात करा.

मोठ्या विद्यापीठांच्या पोटात दडलेली छोटी कॉलेजंही तपासा. नवखे शोधणारे नेमकी हीच जागा विसरतात. ब्राऊन विद्यापीठात १९६९ पासून सक्तीचे सामाईक विषय नाहीत, आणि तो बदल विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या अहवालातून आला. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉलेज ऑफ क्रिएटिव्ह स्टडीज आहे, वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात फेअरहेवन, न्यूयॉर्क विद्यापीठात गॅलॅटिन. नेदरलँड्समध्ये १९९८ मध्ये उट्रेख्तपासून 'युनिव्हर्सिटी कॉलेज' ही कल्पना रुजली: मोठ्या विद्यापीठाच्या आत छोटं निवासी कॉलेज, वर्ग छोटे, विषयांची जुळणी बरीचशी तुमची. अशा ठिकाणी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पदवीवरचं नाव मोठ्या विद्यापीठाचं मिळतं, शिक्षक मात्र तुम्हाला नावाने ओळखतात. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी बहुधा याच गटातलं एखादं नाव यादीत ठेवायला सांगतो.

यादी आठ-दहा नावांपलीकडे नेऊ नका. प्रत्येक नावापुढे दोनच रकाने करा: काय काढलंय, काय ठेवलंय. दुसरा रकाना भरता येत नसेल तर तुम्ही अजून फक्त जाहिरात वाचली आहे.

पायरी ४: माहितीपत्रक बाजूला ठेवून खरे कागद वाचा

माहितीपत्रकात झाडाखाली बसलेली मुलं असतात. तुम्हाला हवेत ते कागद कंटाळवाणे असतात, आणि बहुतेक वेळा वेबसाइटवर उघडपणे पडलेले असतात.

पहिला कागद म्हणजे विद्यार्थी नियमावली. त्यात 'अपूर्ण', 'मुदतवाढ' आणि 'शैक्षणिक प्रोबेशन' हे भाग वाचा. स्वातंत्र्य देणारं कॉलेज अडखळलेल्या मुलाचं काय करतं ते इथे कळतं. दहाव्या आठवड्यात कुणाला तरी आपोआप कळतं का की या मुलाने काहीच दिलेलं नाही? मग कोण फोन करतं? की सत्र संपल्यावर थेट 'श्रेय नाही' असा शेरा येतो?

दुसरा कागद शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची किंवा प्रबंधांची यादी. रीडमध्ये छापील प्रबंध ग्रंथालयातल्या एका मनोऱ्यात ओळीने लावून ठेवलेले असतात. बाकीच्या कॉलेजांत निदान शीर्षकांची यादी मिळते. सलग तीन वर्षांची पन्नासेक शीर्षकं वाचा. शीर्षकं धारदार आणि एकमेकांपासून वेगळी असतील तर तिथे मुलं खरंच स्वतःचे प्रश्न घेऊन काम करतात. निम्मी शीर्षकं 'माझा प्रवास' छापाची असतील तर जरा थांबा.

तिसरा कागद मूल्यमापनाचा नमुना. वर्णनात्मक मूल्यमापनाचं कौतुक करणाऱ्या कॉलेजला, नाव खोडलेला एखादा नमुना दाखवाल का, असं विचारा. 'विद्यार्थिनीने उत्साहाने सहभाग घेतला आणि सर्व कामं वेळेत सादर केली' असं असेल तर ते ग्रेडपेक्षाही निरुपयोगी, कारण त्यातून काहीच कळत नाही. 'पहिल्या दोन निबंधांत ती आकडेवारी आधी देत होती आणि दावा शेवटी. तिसऱ्यात दावा पुढे आला आणि त्याला विरोधी जाणारा पुरावा तिने स्वतः शोधून मांडला' असं असेल, तर कुणीतरी खरंच वाचतंय. हा एक कागद मला सगळ्या कॅम्पस टूरपेक्षा मोलाचा वाटतो.

शक्य झालं तर विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्रही चाळा. जेवणाबद्दलच्या तक्रारी सोडून द्या, त्या सगळीकडे असतात. शिक्षक सोडून जाताहेत का, विभाग बंद होताहेत का, ते बघा.

पायरी ५: तुम्ही बाहेर पडेपर्यंत कॉलेज टिकेल का

ऐकायला कडू आहे, पण वेगळी कॉलेजं लहान असतात आणि लहान कॉलेजं बुडतात. व्हरमाँटमधलं मार्लबरो १९४६ चं. तिथे ग्रामसभेसारख्या सभेत शिक्षक आणि विद्यार्थी बरोबरीने मत देत. २०२० मध्ये ते बंद झालं आणि त्याचा वारसा बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजात विलीन झाला. त्याच राज्यातलं गॉडर्ड २०२४ मध्ये बंद पडलं. ब्लॉक पद्धतीने शिकवणाऱ्या कॅनडातल्या क्वेस्ट विद्यापीठाने २०२३ मध्ये वर्ग थांबवले. अँटिऑक २००८ मध्ये बंद झालं आणि माजी विद्यार्थ्यांच्या धडपडीमुळे २०११ मध्ये पुन्हा उघडलं. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजने २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे नवे प्रवेश जवळजवळ थांबवले होते. सरकारी कॉलेजांना वेगळा धोका असतो. फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजमध्ये २०२३ मध्ये राज्यपालांनी नवे विश्वस्त नेमले आणि कॉलेजची दिशाच बदलली. कधीकधी कॉलेज राहतं आणि पद्धत जाते. सांताक्रूझचं कॅलिफोर्निया विद्यापीठ १९६५ मध्ये वर्णनात्मक मूल्यमापनावर सुरू झालं, पुढे तिथेही ग्रेड सक्तीचे झाले.

म्हणून ही पायरी गाळू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन कॉलेजची स्थिती पाहा. कॉलेजच्या स्वतःच्या पानावर ती छान रंगवलेली असते, त्यावर विसंबू नका. 'प्रोबेशन', 'शो कॉज' (मान्यता का काढू नये याचा खुलासा मागणं), 'वॉर्निंग' हे शब्द दिसले तर कारण वाचा. गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला किती मुलं आली ते आकडे शोधा. छोटं कॉलेज छोटंच राहिलं तर चिंता नाही, दरवर्षी आकसत असेल तर आहे. बंद पडायची वेळ आलीच तर मुलांना दुसरीकडे अभ्यास पुरा करता यावा म्हणून 'टीच-आउट' करार करतात. त्याबद्दल थेट विचारा. प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती नको. प्रामाणिक कॉलेजला या प्रश्नाची सवय असते.

पायरी ६: एका वर्गात गप्प बसून या

कॅम्पसवर जाता आलं तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन वर्गात बसायची परवानगी मागा. मी एकदा अशा एका सेमिनारमध्ये ऑनलाइन बसलो होतो. शिक्षिकेने प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. मिनिटभर कुणीच बोललं नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच काहीतरी बोलणार होतो. मग एक मुलगी म्हणाली, 'मला हा परिच्छेद कळला नाही, आणि कुठे कळला नाही तेही सांगता येत नाहीये.' पुढचा अर्धा तास वर्ग त्या एका परिच्छेदात होता. दुसऱ्या एका नावाजलेल्या ठिकाणी मात्र तीनच मुलं बोलत राहिली आणि बाकीचे बारा जण लॅपटॉपमागे गडप होते. माहितीपत्रकात दोन्ही कॉलेजांचं वर्णन शब्दशः सारखं होतं.

विद्यार्थ्यांशी बोलाल तेव्हा 'तुला इथे आवडतं का' असं विचारू नका. विचारा: 'गेल्या सत्रात तुझं कुठलं काम फसलं? मग काय झालं?' आणि 'तुझ्या ओळखीचं कोण सोडून गेलं, आणि का?' टूर देणाऱ्या मुलांऐवजी ग्रंथालयात किंवा मेसमध्ये भेटलेल्यांना विचारलंत तर उत्तरं जास्त खरी येतात.

पायरी ७: पुढचं दार उघडतं का ते आत्ताच पाहा

ग्रेड नसलेला ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे गुणपत्रक) अनेक पानांचा असतो. एमए, पीएचडी किंवा नोकरीच्या ठिकाणी तो वाचायला कुणाकडे वेळ असेल का? पीएचडीच्या समित्या अनेकदा वाचतात, कारण त्यांना संशोधनाची सवय आणि चांगली शिफारसपत्रं हवी असतात, आणि ही कॉलेजं नेमकी तीच देतात. पण जिथे अर्ज आकड्यांच्या चाळणीतून जातात तिथे अडचण येते: वैद्यकीय, कायदा, सरकारी नोकऱ्या, काही स्कॉलरशिपा. कॉलेज मागणीनुसार ग्रेडचा अंदाज किंवा समकक्ष आकडा देतं का, ते लेखी विचारून घ्या. पदवी दुसऱ्या देशातली असेल तर तुमच्या देशात समकक्षता देणारी संस्था ती मानते का, हे त्या संस्थेलाच विचारा. कॉलेजचं 'काही अडचण येत नाही' हे उत्तर इथे पुरेसं नाही. तुम्हाला डॉक्टर, वकील किंवा आर्किटेक्ट व्हायचंय हे आधीच पक्कं असेल, तर लायसन्ससाठी कुठले विषय सक्तीचे आहेत ते पाहून मगच पुढे जा.

पैशांचं थोडक्यात. 'फी नाही' आणि 'खर्च नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात ट्यूशन फी आकारत नाहीत, बदल्यात प्रत्येकाला कॅम्पसवर काम करावं लागतं. बाकी खर्चाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीचे नियम बऱ्याचदा निराळे असतात, ते पान वेगळं शोधून वाचा.

पायरी ८: अर्ज

या कॉलेजांच्या अर्जांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बंडखोरीचं प्रदर्शन. 'मला व्यवस्थेत बसायचं नाही' असं लिहिणारे अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येतात. कॉलेजला पाहायचं असतं ते तुम्ही कुणी न सांगता काय पूर्ण केलंत. पहिल्या पायरीतला तो तीन आठवड्यांचा उद्योग इथे कामी येतो, फसलेला असला तरी. 'सातव्या पानावर माझ्या लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा होता' हे एक वाक्य दोन पानांच्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त सांगतं.

घरच्यांना समजावताना 'तिथे ग्रेड नसतात' इथून सुरुवात करू नका. चौथ्या पायरीतला मूल्यमापनाचा नमुना त्यांच्यापुढे ठेवा आणि सातव्या पायरीतली उत्तरं दाखवा. आईवडलांची शंका बहुतेक वेळा रास्त असते, त्यांनाही 'त्या जागी काय' हेच विचारायचं असतं.

पायरी ९: पहिलं सत्र

प्रवेश मिळाला की मोकळीक सगळी एकदम वापरायचा मोह होतो. माझ्याकडून अर्ज वाचून घेतलेल्या एका मुलीने पहिल्याच करारात चार स्वतंत्र प्रकल्प घेतले. डिसेंबरातच सगळं कोलमडलं. चारही अर्धे राहिले आणि एकाचंही श्रेय मिळालं नाही. दुसऱ्या सत्रात तिने एकच प्रकल्प घेतला. जोडीला दर सोमवारी काहीतरी लिहून द्यावंच लागेल असा एक शिस्तीचा वर्ग, आणि एक विषय ज्याच्या शिक्षकाकडे दर पंधरा दिवसांनी जाऊन बसायचं. तुम्ही पहिल्याच सत्रात अशी जुळणी करा. मार्गदर्शकाबरोबरच्या पुढच्या तीन भेटींच्या तारखा पहिल्या भेटीतच वहीत लिहून घ्या. 'लागेल तेव्हा ये' असं तो म्हणेल, पण तुम्हाला ज्या आठवड्यात खरंच गरज लागेल त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्याकडे जायचं टाळाल.